सेव्ह केलेली फाइल भलत्याच फोल्डरमध्ये जाते तेव्हा आधी काय तपासायचं

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही तुर्भ्याला एपीएमसीच्या मसाला मार्केटमधल्या एका पेढीवर हिशेब बघता. महिन्याभरापूर्वी पेढीवर नवा कॉम्प्युटर आला. रोज संध्याकाळी तुम्ही स्टॉकचं एक्सेल शीट डी ड्राइव्हवरच्या ‘स्टॉक २०२५’ या फोल्डरमध्ये सेव्ह करता. तुमच्याकडे उघडलं की आकडे बरोबर. सकाळी शेठ त्यांच्या टेबलावरून तीच फाइल उघडतात तेव्हा जुनेच आकडे. शिवाय रात्री ९ वाजता बॅच फाइलने (कमांडच्या ओळी लिहून ठेवलेल्या छोट्या फाइलने) जो बॅकअप होतो, त्यात रोज तारखेचं फोल्डर तयार होतं, पण आत काहीच नसतं. आणि शेठ विचारताहेत, नव्या मशीनची डिस्क खराब निघाली का?

डिस्कचं आधी सांगतो. डिस्क बिघडली की फाइल उघडत नाही, मशीन मध्येच अडकतं, एरर येते. बरोबर आकड्यांची धडधाकट फाइल नुसती दुसऱ्या फोल्डरमध्ये जाऊन बसणं हे डिस्कच्या आजाराचं लक्षण नाही. डिस्क बदलायचा खर्च तूर्त थांबवा.

मी गेली १९ वर्षं ठाण्यात आणि नवी मुंबईत छोट्या ऑफिसांचे कॉम्प्युटर सांभाळतो. नौपाड्यातली सीएंची ऑफिसं, वागळे इस्टेटमधली वर्कशॉप्स, महाप्याच्या एमआयडीसीतले कारखाने. ‘फाइल गायब झाली’ म्हणून फोन आला की दहातल्या आठ-नऊ वेळा फाइल त्याच मशीनवर सापडते. प्रोग्रामला जो पत्ता मिळाला तिथे त्याने ती इमानदारीने ठेवलेली असते. तो पत्ता तुम्ही दिलेला नसतो, एवढंच. तो एक्सेलने स्वतःहून धरलेला असतो, विंडोजने परस्पर वळवलेला असतो, किंवा वर्षापूर्वी कुणीतरी बॅच फाइलमध्ये लिहून ठेवलेला असतो. म्हणून माझा पहिला प्रश्न नेहमी हाच असतो की हा पत्ता ठरवला कोणी?

तुमच्या बाबतीत दोन वेगळ्या तक्रारी एकाच वेळी आल्यात, म्हणून सगळं गूढ वाटतंय. शेठना जुने आकडे दिसणं ही एक आणि बॅकअप रिकामा असणं ही दुसरी. दोन्हींचं कारण एकच असेल असं धरून चालू नका. दोन्ही नव्या कॉम्प्युटरपाशी सुरू झाल्यात, पण म्हणून त्या एकमेकींत गुंतलेल्या आहेतच असं नाही. काही गोष्टी तुमच्या मशीनवर अवलंबून आहेत: विंडोज १० आहे की ११, एक्सेल मायक्रोसॉफ्ट ३६५ चं आहे की जुनं, लॉगिन मायक्रोसॉफ्टच्या खात्याने होतं की साध्या नावाने. तुम्ही ते लिहिलेलं नाही, म्हणून जिथे फरक पडतो तिथे तसं सांगत जाईन. कमांड मी फोनवर सांगतो तशाच लिहितो, टाइप मात्र इंग्रजीत करा.

काहीही बदलण्याआधी एक काम करा. यात एक मिनिटही जात नाही आणि निम्मा प्रश्न इथेच सुटतो. तुमच्या मशीनवर ‘स्टॉक २०२५’ फोल्डर उघडा, रिकाम्या जागी राइट क्लिक करून एक नवी टेक्स्ट फाइल बनवा आणि तिला आजची तारीख व तुमचं नाव द्या. मग शेठच्या टेबलाशी जाऊन त्यांच्या त्याच फोल्डरमध्ये ती दिसते का बघा. दिसत नसेल तर एफ५ दाबून पुन्हा बघा. तरीही दिसली नाही, तर तुम्ही दोघं दोन वेगळी फोल्डरं बघताय. नाव एकच, जागा दोन. मग एक्सेलला हात लावायची गरज नाही, दोष शेठच्या वाटेत आहे. ती दिसली, तर फोल्डर एकच आहे आणि तुमची एक्सेलची फाइलच तिथे पोहोचत नाहीये. तेव्हा तपास तुमच्या मशीनवर करायचा.

माझा अंदाज पहिल्या बाजूला झुकतो, त्याचं कारण सांगतो. जुने आकडे म्हणजे किती जुने, हे तुम्ही लिहिलेलं नाही आणि सगळ्यात मोठा धागा तोच आहे. शेठना दिसणारी शेवटची नोंद जर नवा कॉम्प्युटर आला त्याच्या आसपासची असेल, तर शेठचा कॉम्प्युटर अजून जुन्या मशीनकडेच बघतोय. अशा पेढ्यांवर शेठच्या मशीनवर ‘झेड’ वगैरे नावाचा एक नेटवर्क ड्राइव्ह जोडलेला असतो. तो खरा ड्राइव्ह नसतो, ती दुसऱ्या मशीनवरच्या फोल्डरला लावलेली पाटी असते. नवं मशीन बसवणारा माणूस डेटा इकडून तिकडे कॉपी करतो, जुनं मशीन कोपऱ्यात प्रिंटरसाठी चालू ठेवतो आणि शेठची पाटी बदलायची राहून जाते. शेठ रोज सकाळी जुन्या मशीनवरची, त्या दिवशी गोठलेली फाइल उघडतात. बघायचं कसं? शेठच्या मशीनवर कमांड प्रॉम्प्ट (कमांड टाइप करायची काळी खिडकी) उघडून ‘नेट यूज’ टाइप करा. ‘झेड’च्या पुढे कोणत्या मशीनचं नाव आहे ते दिसेल. नाव जुन्या मशीनचं निघालं, तर ड्राइव्ह डिसकनेक्ट करून नव्या मशीनवरच्या शेअर केलेल्या फोल्डरला जोडा. पण त्याआधी शेठनी या महिन्याभरात जुन्या फाइलमध्ये स्वतः काही नोंदी केल्यात का, हे त्यांना विचारा. केल्या असतील तर त्या फक्त तिथेच आहेत.

आता दुसरी शक्यता, की कोरी फाइल शेठना दिसली पण एक्सेलची ताजी फाइल तिथे नाही. इथे तुमच्याकडून एक शिस्त हवी. खरी फाइल सापडेपर्यंत पुन्हा पुन्हा सेव्ह करून बघू नका. प्रत्येक ‘सेव्ह ॲज’ एक नवी प्रत जन्माला घालतं आणि चार प्रती झाल्या की खरी कोणती हे तुम्हालाही सांगता येत नाही.

एक्सेलमध्ये फाइल उघडी ठेवून ‘फाइल’ आणि मग ‘इन्फो’वर जा. फाइलच्या नावाखाली पूर्ण पत्ता असतो आणि नव्या एक्सेलमध्ये ‘ओपन फाइल लोकेशन’ असं बटणही असतं. त्यावर क्लिक केलं की खरं फोल्डर समोर येतं. त्याच्याही आधी एक सोपी खूण बघा. एक्सेल ३६५ असेल तर वर डाव्या कोपऱ्यात ‘ऑटोसेव्ह’ लिहिलेलं असतं. ते ‘ऑन’ असेल तर ती फाइल डी ड्राइव्हवर नाहीच, कारण ऑटोसेव्ह वनड्राइव्ह किंवा शेअरपॉइंट या मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठ्यांवरच्या फाइलींनाच चालतं.

फोल्डर उघडलं तरी वरच्या पट्टीत दिसणाऱ्या नावावर विसंबू नका. विंडोज तिथे ‘डॉक्युमेंट्स’ असं सुटसुटीत नाव दाखवतं. पट्टीतल्या रिकाम्या भागावर क्लिक केलं की खरा पत्ता उलगडतो. एकाच मशीनवर ‘डॉक्युमेंट्स’ नावाची दोन फोल्डरं असू शकतात, एक तुमच्या युजरच्या नावाखाली थेट आणि दुसरं त्याच नावाखालच्या ‘वनड्राइव्ह’ फोल्डरच्या पोटात. विंडोज ११ च्या नव्या मशीनवर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केलेलं असलं की बऱ्याचदा डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स या तिन्हींचा मुक्काम वनड्राइव्हच्या पोटात हललेला असतो. तुम्ही ‘डेस्कटॉप’वर ठेवलं म्हणता आणि फाइल जाते वनड्राइव्हच्या डेस्कटॉपवर. हा बिघाड नाही, ती बॅकअपची सोय आहे, पण ती चालू असल्याचं माहीत नसलेल्याची फसगत होते.

ही सोय नको असेल तर घड्याळाशेजारच्या ढगाच्या चिन्हावरून वनड्राइव्हच्या सेटिंग्जमध्ये जाऊन ‘मॅनेज बॅकअप’मधून ती बंद करता येते. मात्र घाईत करू नका. बंद केल्यावर काही आवृत्त्यांमध्ये फाइली वनड्राइव्हच्या फोल्डरमध्येच राहतात आणि डेस्कटॉप एकदम मोकळा दिसतो. त्या क्षणी माणूस घाबरतो आणि वनड्राइव्हमध्ये जाऊन ‘डबल आहेत’ म्हणून पुसायला लागतो. तसं करू नका. तिथून पुसलं की क्लाउडवरूनही जातं. वैयक्तिक खात्यात रिसायकल बिनमध्ये ३० दिवस राहतं, पण त्यावर भिस्त ठेवून काम करू नये. आधी कॉपी, मग तपासणी आणि पुसणं सगळ्यात शेवटी.

तुमच्या फाइलची गोष्ट मला अशी दिसते. कधीतरी एकदा कंट्रोल+एस दाबल्यावर एक्सेलने छोटी चौकट दाखवली असेल, तिच्यात जागा म्हणून वनड्राइव्ह किंवा डॉक्युमेंट्स आधीच भरलेलं असेल आणि तुम्ही एंटर मारला असेल. त्या दिवसापासून एक्सेलच्या ‘रीसेंट’ यादीत वर दिसते ती हीच प्रत. तुम्ही रोज तिथून उघडता, तिथेच सेव्ह होतं, म्हणून तुमचे आकडे नेहमी बरोबर. डी ड्राइव्हवरची प्रत त्या दिवशी थांबली. एक प्रयोग करा: उद्या ‘रीसेंट’मधून न उघडता थेट डी ड्राइव्हवर जाऊन तिथली फाइल उघडा. तुम्हालाही जुने आकडे दिसले तर चोर सापडला.

यावर उपाय साधा आहे. एक्सेलच्या ‘ऑप्शन्स’मध्ये ‘सेव्ह’ या भागात ‘सेव्ह टू कॉम्प्युटर बाय डिफॉल्ट’ला टिक करा आणि त्याच्या खालच्या ‘डीफॉल्ट लोकल फाइल लोकेशन’मध्ये तुमच्या फोल्डरचा पूर्ण पत्ता टाका. आणि नवी फाइल पहिल्यांदा सेव्ह करताना कंट्रोल+एस ऐवजी एफ१२ दाबायची सवय लावा. एफ१२ ने जुनी, मोठी खिडकी उघडते, तिच्यात फोल्डर डोळ्यांसमोर असतं. मी सगळ्या ऑफिसांत पहिल्या दिवशी हीच एक गोष्ट शिकवतो.

अजून एक वाट तपासा. हे शीट तुम्हाला मेलवर किंवा व्हॉट्सॲपवर येतं का आणि तिथूनच थेट उघडून त्यात भर घातली जाते का? राम मारुती रोडवरच्या एका सीएंच्या ऑफिसात जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, म्हणजे रिटर्नच्या धावपळीत, एका आर्टिकलशिप करणाऱ्या मुलाने मेलमधलं ॲटॅचमेंट तिथल्या तिथे उघडलं आणि तीन तास त्यावर काम केलं. मध्ये मध्ये सेव्हही करत होता. संध्याकाळी मेल पुन्हा उघडला तर आत सकाळचीच फाइल. मी पोहोचलो तेव्हा तो डाउनलोड्स, डेस्कटॉप, पेन ड्राइव्ह सगळं पालथं घालून हवालदिल झाला होता. मेलमधून थेट उघडलेल्या ॲटॅचमेंटची प्रत एका लपलेल्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये तयार होते. आउटलुकमध्ये ते ॲपडेटाच्या (प्रत्येक युजरच्या नावाखालच्या लपलेल्या फोल्डरच्या) आत खोलवर ‘कंटेंट डॉट आउटलुक’ नावाने असतं. ‘सेव्ह ॲज’ची खिडकीही कधीकधी तिथेच उघडते, त्यामुळे माणसाला वाटतं आपण नीट सेव्ह केलं. त्या मुलाची फाइल मला एक्सेलच्या ‘रीसेंट’ यादीतून मिळाली. नावावर राइट क्लिक करून ‘कॉपी पाथ टू क्लिपबोर्ड’ केलं, पत्ता नोटपॅडमध्ये चिकटवला आणि ते फोल्डर उघडून फाइल बाहेर काढली. मेल प्रोग्राम बंद केला असता तर ती कदाचित साफ झाली असती. म्हणून अशा वेळी कॉम्प्युटर रिस्टार्ट करायची घाई करू नका. झिप फाइलच्या आतून थेट उघडलेल्या फाइलचंही असंच, ती ‘टेम्प’मध्ये जाते. आधी बाहेर काढायची, मगच त्यावर काम करायचं.

इतकं करूनही फाइल सापडत नसेल तर ‘एव्हरीथिंग’ नावाचं एक मोफत साधन आहे. नाव टाइप करायला लागलात की सगळ्या ड्राइव्हवरच्या त्या नावाच्या फाइली पत्त्यासकट क्षणात दाखवतं. विंडोजचा स्वतःचा शोध लपलेली फोल्डरं सहसा वगळतो, हे तिथेही बघतं. ‘डेट मॉडिफाइड’ने यादी लावा आणि आज संध्याकाळची वेळ असलेली फाइल कोणत्या फोल्डरमध्ये आहे ते बघा.

इथपर्यंतचा क्रम थोडक्यात असा: कोरी फाइल ठेवून दोघांचं फोल्डर एकच आहे का ते बघणं, शेठच्या ‘झेड’चा पत्ता, एक्सेलच्या ‘इन्फो’मधला पत्ता, मग ॲटॅचमेंटची वाट. आता बॅकअप.

बॅकअपची तक्रार मला जास्त गंभीर वाटते. आकडे जुने दिसले तर लगेच कळतं, बॅकअप रिकामा आहे हे गरज पडेपर्यंत कळत नाही. तुम्ही फोल्डर उघडून बघितलंत हे फार चांगलं केलंत. बहुतेक ऑफिसांत टास्क शेड्युलरमध्ये (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या विंडोजच्या सोयीत) ‘यशस्वी’ लिहिलेलं बघून समाधान मानतात. तिथल्या ‘यशस्वी’चा अर्थ काम सुरू होऊन संपलं एवढाच असतो. फाइल मुक्कामी पोहोचल्याची ती पावती नव्हे.

तारखेचं फोल्डर बनतंय याचा अर्थ बॅच फाइल चालतेय आणि बॅकअपच्या डिस्कपर्यंत पोहोचतेय. अडलंय ते कॉपी करण्याच्या ओळीत. बॅच फाइलवर राइट क्लिक करून ‘एडिट’ करा आणि ती ओळ वाचा. माझी पहिली शंका तुमच्या फोल्डरच्या नावातल्या मोकळ्या जागेवर आहे. ‘स्टॉक’ आणि ‘२०२५’ यांच्यामध्ये स्पेस आहे. कमांडच्या भाषेत स्पेस म्हणजे एक शब्द संपला आणि दुसरा सुरू झाला. रोबोकॉपी (फोल्डर कॉपी करणारी विंडोजची कमांड) पहिल्या शब्दाला उगम समजते, दुसऱ्याला मुक्काम आणि त्यापुढचं सगळं कोणत्या फाइली घ्यायच्या त्याची अट. पत्त्याला दुहेरी अवतरणचिन्हं नसतील तर ती उगम म्हणून ‘स्टॉक’ शोधते, मुक्काम म्हणून ‘२०२५’ धरते आणि तुमचा खरा मुक्काम तिसऱ्या जागी ढकलला जातो. ‘स्टॉक’ नावाचं फोल्डर नाहीच, म्हणून कॉपी काहीच होत नाही. जुन्या मशीनवर फोल्डरचं नाव बहुधा सलग होतं. उगम आणि मुक्काम दोन्ही पत्ते अवतरणचिन्हांत घाला, नाहीतर नावातली जागा काढून तिथे डॅश टाका. मी स्वतः बॅकअपमध्ये येणाऱ्या फोल्डरच्या नावात स्पेस ठेवतच नाही.

दुसरी शंका अर्धवट पत्त्याची. ठाणे स्टेशनच्या बाहेर पडून डावीकडे वळा, असं कुणाला सांगितलं तर तो पश्चिमेला उतरलाय की कोपरीच्या बाजूला, यावर तो कुठे पोहोचणार ते ठरतं. बॅच फाइलमध्ये ड्राइव्हच्या अक्षरापासून सुरू न होणारा पत्ता असाच असतो, तो ‘मी आत्ता उभा आहे तिथून’ मोजला जातो. तुम्ही डबल क्लिक करून चालवता तेव्हा बॅच फाइल स्वतःच्याच फोल्डरमध्ये उभी असते. टास्क शेड्युलर चालवतो तेव्हा, काही सांगितलेलं नसेल तर, ती विंडोजच्या ‘सिस्टिम३२’ फोल्डरमध्ये उभी असते. ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ केलं तरी तसंच. हाताने चालवल्यावर सगळं ठीक आणि रात्री मात्र गडबड, या तक्रारीचं हे सगळ्यात नेहमीचं कारण. शेड्युलरमध्ये त्या कामाच्या ‘ॲक्शन’मध्ये ‘स्टार्ट इन’ नावाचा रकाना असतो, बाजूला ‘ऑप्शनल’ लिहिलेलं असल्यामुळे सगळे तो सोडून देतात. त्यात बॅच फाइलच्या फोल्डरचा पत्ता भरा. गंमत अशी की इथे अवतरणचिन्हं घालायची नाहीत, घातली तर काम सुरूच होत नाही. त्याहून पक्का उपाय बॅच फाइलच्या आतच करता येतो. सगळ्यात वर एक ओळ टाका: सीडी, स्पेस, स्लॅश डी, स्पेस, मग अवतरणचिन्हांत टक्का, टिल्ड (~), डी, पी, शून्य. याचा अर्थ ‘तू जिथे ठेवलेली आहेस तिथे जाऊन उभी राहा’. यातला स्लॅश डी विसरू नका, कारण नुसतं सीडी एका ड्राइव्हवरून दुसऱ्या ड्राइव्हवर जात नाही.

तिसरं, नेटवर्कचा ड्राइव्ह. बॅच फाइलमध्ये कुठे ‘झेड’ लिहिलेलं असेल, तर ध्यानात घ्या की ही पाटी त्या माणसाच्या लॉगिनपुरती असते. ‘कुणी लॉगिन असो वा नसो, चालव’ अशा सेटिंगने रात्री काम सुरू झालं की त्याला ‘झेड’ दिसतच नाही. तिथे दोन बॅकस्लॅशपासून सुरू होणारा, मशीनच्या नावासकट पूर्ण पत्ता लिहा. बाहेरची यूएसबी डिस्क असेल तर तिचं अक्षरही बदलू शकतं, आज ई उद्या एफ. ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्ये तिला एक्ससारखं शेवटाकडचं अक्षर कायमचं देऊन टाका.

तारखेचंही बघा. बॅच फाइल मशीनच्या तारखेतून अक्षरं कापून फोल्डरचं नाव बनवत असेल, तर नव्या मशीनचं रीजन अमेरिकेचं राहिलंय का तपासा. भारतीय मांडणीत पहिली दोन अक्षरं म्हणजे दिवस. अमेरिकन मांडणीत तिथे वाराच्या इंग्रजी नावाची पहिली दोन अक्षरं येतात. मग नाव त्या दोन अक्षरांचंच असेल तर दर सोमवारी एकाच नावाचं फोल्डर आणि मागच्या सोमवारचा बॅकअप पुसला जातो.

आणि ज्यांची फोल्डरं मराठीत आहेत त्यांच्यासाठी एक. फोल्डरची नावं देवनागरीत ठेवायला विंडोज कधीच हरकत घेत नाही आणि ठेवावीतच. पण ‘साठा’ असं नाव बॅच फाइलमध्ये लिहून ती यूटीएफ-८ मध्ये (सगळ्या लिप्या साठवणाऱ्या पद्धतीत) सेव्ह केली, तर काळी खिडकी ती अक्षरं तिच्या जुन्या कोडपेजने (अक्षरं ओळखायच्या तक्त्याने) वाचते आणि त्याचा चिखल होतो. मुक्कामाच्या पत्त्यात असं झालं तर रोबोकॉपी तक्रार न करता त्या विचित्र चिन्हांच्या नावाचं नवं फोल्डर बनवून त्यात सगळं ओतते. चरईतल्या एका सोसायटीच्या ऑफिसात मला असं फोल्डर सापडलं, सात महिन्यांच्या पावत्या सुखरूप आत होत्या आणि कमिटी त्या पुन्हा टाइप करायच्या तयारीत होती. बॅच फाइलच्या सुरुवातीला ‘सीएचसीपी ६५००१’ ही ओळ घातली की देवनागरी नीट वाचलं जातं.

ओळ दुरुस्त केली की लगेच खरी कॉपी करू नका. रोबोकॉपीच्या शेवटी स्लॅश एल जोडा. मग ती कॉपी न करता, काय कुठे नेणार आहे याची फक्त यादी दाखवते. वरच्या ओळींमध्ये ‘सोर्स’ आणि ‘डेस्ट’ असे दोन पत्ते येतात, ते बोट ठेवून वाचा. बरोबर असतील तरच स्लॅश एल काढा. आणि त्या ओळीत कुठे ‘स्लॅश एमआयआर’ दिसलं तर तिथेच थांबा. तो स्विच मुक्कामाला उगमाची तंतोतंत नक्कल करतो, म्हणजे उगमात जे नाही ते मुक्कामातून पुसतो. मुक्कामाचा पत्ता चुकलेला असताना हा स्विच चालला तर दुसऱ्याच कुठल्यातरी फोल्डरमधला माल साफ होतो. चुकीच्या जागी गेलेली फाइल परत आणता येते, असं पुसलेलं परत आणणं फार कठीण.

तुमच्याकडे एखादं जुनं बिलिंगचं सॉफ्टवेअर असेल तर हेही वाचून ठेवा. वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपमध्ये एकाच मशीनवर सकाळी एक जण आणि दुपारी दुसरा आपापल्या लॉगिनने बिलं बनवायचे. दोघांचे बिल नंबर एकमेकांवर चढायला लागले. एकाची बिलं दुसऱ्याला दिसेनात. मालकाला वाटलं कुणीतरी बिलं दाबतंय, गोष्ट नोकरीवर यायची वेळ आली होती. मूळ कारण असं होतं की ते जुनं ३२ बिटचं सॉफ्टवेअर आपला डेटा ‘प्रोग्राम फाइल्स’मध्येच लिहायला जायचं. व्हिस्टापासून विंडोज साध्या युजरला तिथे लिहू देत नाही. पण अशी जुनी सॉफ्टवेअरं मोडू नयेत म्हणून ते एरर न देता डेटा गुपचूप प्रत्येक युजरच्या ॲपडेटामधल्या ‘व्हर्च्युअलस्टोअर’ या फोल्डरमध्ये वळवतं. दोन युजर, दोन वेगळ्या प्रती, आणि सॉफ्टवेअरला पत्ता नाही. मी दोन्ही प्रती बाहेर काढल्या, त्या दोघांना शेजारी बसवून बिलं जुळवून घेतली आणि सॉफ्टवेअर प्रोग्राम फाइल्सच्या बाहेर सी ड्राइव्हवर वेगळ्या फोल्डरमध्ये बसवलं. ज्याच्यावर संशय होता तो अजून तिथेच कामाला आहे.

शेवटी प्रतींचा निवाडा. तुमच्याकडे आता त्याच नावाच्या किमान दोन फाइली असणार. एक्सेल एकाच नावाच्या दोन फाइली एका वेळी उघडत नाही, म्हणून आधी नावं बदला. नावातच जागा आणि तारीख लिहा, ‘डॉक्युमेंट्समधली’, ‘डी ड्राइव्हवरची’, ‘जुन्या मशीनवरची’ अशी. ‘मॉडिफाइड’ची तारीख ताजी असलेली फाइलच खरी असं मानू नका, कुणी जुनी फाइल उघडून नुसतं सेव्ह केलं तरी तारीख बदलते. शेवटच्या आवक-जावक नोंदी पावतीपुस्तकाशी पडताळा. खरी प्रत ठरली की ती ‘स्टॉक २०२५’मध्ये ठेवा, बाकीच्या प्रती एका वेगळ्या फोल्डरमध्ये निदान महिनाभर राहू द्या आणि एक्सेलच्या ‘रीसेंट’ यादीतून जुनी नोंद राइट क्लिक करून काढून टाका, नाहीतर परवा पुन्हा तीच उघडली जाईल.

कोरी फाइल शेठना दिसली की नाही, ‘नेट यूज’मध्ये ‘झेड’पुढे काय आलं आणि बॅच फाइलमधली रोबोकॉपीची ओळ, एवढं इथे लिहा. ओळीत कुठे पासवर्ड असेल तर तो वगळून टाका. रविवारी सकाळी मी बसून बघतो.